हजेरीचा रुपया कोणाच्या पदरात?

१९९२ सालच्या जानेवारीत महाराष्ट्र सरकारने असे ठरविले की, आदिवासी मुलखातील मुली, आणि त्या मुलखाबाहेर दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमातींच्या व भटक्या-विमुक्तांच्या मुली, पहिली ते चौथीच्या वर्गात ज्या दिवशी हजर राहतील त्या दिवसाचा एक रुपया त्यांच्या आईबापांस द्यावा. अट एवढीच की, शंभरात पंचाहत्तर दिवस तरी मुलगी शाळेत दिसली पाहिजे. शाळेचे दिवस वर्षाकाठी २२० धरले. तेव्हा एकही दिवस न चुकविणाऱ्या मुलीच्या घरी वर्षाचे २२० रुपये जावयाचे. हेतू चांगला होता. मुलगी घरी राहिली तर धाकट्यास सांभाळते, शेळी वळते, लाकूडफाटा आणते. तिच्या कामाची थोडी भरपाई केली तर आईबाप तिला शाळेत धाडतील, असा हिशेब त्यामागे होता. पुढे तीस वर्षे लोटली. मिठाचा भाव वाढला, एस. टी.चे तिकीट वाढले, आमदार-मंत्र्यांचे पगार कितीदा वाढले त्याची मोजदाद नाही. मुलीचा रुपया मात्र रुपयाच राहिला.

हा रुपया फार लहान आहे, अशी ओरड अधूनमधून होते व ती रास्तच आहे. पण आम्हांस आज निराळाच प्रश्न विचारावयाचा आहे. रुपया लहान की मोठा हे मागून पाहू. तो जातो कोणाच्या घरी?

शाळेसाठी रुपयाचा उपयोग आपल्या मुलखात पूर्वीही झालेला आहे. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मुलास शाळेत न धाडणाऱ्या बापास दरमहा एक रुपया दंड ठेविला होता. त्या काळचा रुपया म्हणजे गरिबाच्या घरचे कित्येक दिवसांचे दाणे. दंडाचा रुपया आणि बक्षिसाचा रुपया यांत एक मोठा फरक आहे, तो लक्षात घ्यावा. दंड करावयाचा तर सरकारला गैरहजर मुलाचे नाव शोधून काढावे लागते. गावात मुले किती, शाळेत किती, राहिलेली कोठे आहेत, हे गावोगाव विचारीत हिंडावे लागते. बक्षिसास असे काही करावे लागत नाही. हजेरीपट उघडला, ज्यांच्यापुढे खुणा आहेत त्यांची बेरीज केली, काम संपले. जी मुलगी पटावरच नाही तिचा रुपया कोणी मागत नाही, आणि तो दिला नाही म्हणून कोणा अंमलदारास जाबही पुसला जात नाही. दंड परत आणावा असे आमचे म्हणणे नाही. उपाशी माणसाच्या खिशात हात घालून विद्या वाढत नसते. पण गैरहजर मुलास शोधीत जाण्याची जी सवय त्या दंडाने सरकारास लागत होती, ती बक्षिसाने मोडली, एवढे मात्र खरे.

आता कातकऱ्याचे घर घेऊ. खैराच्या झाडापासून कात काढणारा तो कातकरी. रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांत व आसपास याची वस्ती. जंगलावर सरकारी कायदा बसला, काताचा धंदा गेला, जमीन तर नव्हतीच. तेव्हापासून हा समाज दुसऱ्याच्या भट्टीवर राबतो. पूर्वी कोळशाच्या, आता बहुधा विटांच्या. पावसाळ्यात घरात दाणा नसतो त्या वेळी मुकादम वाडीवर येतो व उचल देतो. दिवाळी झाली की टेम्पो येतो आणि त्यात मडकी, कोंबड्या, म्हातारी माणसे व पोरे भरून अख्खी वाडी भट्टीवर जाते. नवरा गारा करतो, बायको साच्यातून विटा पाडते, आठ वर्षांचे पोर ओल्या विटा उलथीत उन्हात फिरते. मृग जवळ आला की हिशेब होतो, आणि पुष्कळदा उचल फिटलेलीच नसते. मग पुढच्या सालाची कबुली देऊन मंडळी परत येतात. पालघरचे जव्हार-मोखाडा पाहा, तेथील वारलीही भिवंडी-वसईच्या भट्ट्यांवर असाच जातो. नंदुरबारचा भिल्ल व पावरा ऊस तोडण्यास गुजरातेत जातो.

या घरच्या मुलीची हजेरी आता मोजा. शाळा जूनच्या मध्यास उघडते. दिवाळीपर्यंत ती एकही दिवस चुकली नाही असे धरले तरी शंभर दिवसांच्या आसपास भरतात. पाहिजेत १६५. म्हणजे ती मुलगी कितीही हुशार असो, मास्तर कितीही भला असो, तिचे आईबाप शाळेसाठी कितीही तळमळत असोत, जोवर घर भट्टीवर जाते तोवर पंचाहत्तर टक्क्यांचे गणित तिच्यापुरते कधीही जुळावयाचे नाही. तो रुपया ठरविला गेला तेव्हाच ती त्यातून वगळली गेली. कोणी दुष्टपणाने वगळली असे नव्हे. ज्या माणसाने अट लिहिली त्याच्या डोळ्यांपुढे बारा महिने एकाच छपराखाली राहणारे घर होते. दुसऱ्या तऱ्हेचे घर असते हे त्याच्या मनात आले नाही, इतकेच.

बरे, जे घर गावात राहते त्यास तरी रुपया बिनबोभाट मिळतो काय? पैसा बँकेतून द्यावयाचा असे ठरले, आणि त्यात लबाडी कमी होते हे आम्हीही कबूल करतो. पूर्वी मधल्या हातांना किती चिकटत असे हे कोणास सांगावयास नको. पण पाड्यावरून तालुक्याच्या बँकेत जावयाचे म्हणजे आईची एक दिवसाची मजुरी बुडाली, जाण्यायेण्याचे भाडे पडले, आणि तेथे सही जुळली नाही, आधार जोडलेले नाही, साहेब जेवावयास गेले, असे म्हणून परत पाठविले की दुसरा दिवस बुडाला. वर्षाच्या २२० रुपयांसाठी दोन दिवसांची मजुरी कोण घालवील? जी बाई हा व्यवहार करीत नाही तिला अडाणी म्हणणारे पुष्कळ भेटतात. आमच्या मते तिचा हिशेब त्या साहेबाच्या हिशेबापेक्षा पक्का आहे.

याहून मोठी खोच दाखल्यात आहे. आदिवासी म्हणून काही मागावयाचे तर जमातीचा दाखला पाहिजे. तो मिळवावयाचा तर ६ सप्टेंबर १९५० पूर्वी आपला बाप किंवा आजा कोठे राहत होता व कोणत्या जमातीचा होता याचा पुरावा मागतात. पुरावा कसला? शाळा सोडल्याचा जुना दाखला, जन्ममृत्यूची नोंद, जमिनीचा उतारा. वाचकहो, यावर जरा विचार करा. ज्याच्या आजाने शाळेचे तोंड पाहिले नाही, ज्याचा जन्म रानात झाला, ज्याच्या नावे वीतभर जमीन नव्हती, त्याच्या नातीस पहिल्याने शाळेत आणण्यासाठी सरकार पैसे देऊ करते, आणि ते देण्यापूर्वी विचारते, तुझा आजा शाळेत गेला होता त्याचा कागद दाखव! कागद नसेल तर घरी येऊन चौकशी करण्याची सोय नियमांत आहे, असे सांगतात. आहे खरी. पण ती सोय मागण्यास जो अर्ज करावा लागतो तोही लिहिता येणाऱ्यानेच करावयाचा.

खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा बळकावणारे लोक झाले, हे आम्ही विसरत नाही. त्यांच्यामुळेच पडताळणीचा कायदा करावा लागला, आणि २०१७ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने अशा दाखल्यांवर मिळविलेली नोकरी व प्रवेश राहू नयेत असा निकाल दिला, तो योग्यच होता. पण गंमत अशी की, चोरासाठी घातलेल्या कुंपणात चोर फारसा अडकत नाही, त्याच्यापाशी वकील असतो. अडकते ती वाडीवरची बाई.

याचा परिणाम असा होतो की, आदिवासी म्हणून जो पैसा मंजूर होतो तो आदिवासींतही सारखा पडत नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जमाती पंचेचाळीस आहेत, आणि १९५० नंतर त्यांतल्या कित्येक घरांत मास्तर झाले, तलाठी झाले, क्वचित आमदारही झाले. ज्या घराच्या नावे सात-बारा आहे, ज्या घरात एकाने तरी शाळा पुरी केली आहे, त्या घरास दाखला मिळतो, खाते असते, अर्जाची मुदत कळते. यात त्या घराचा काही दोष नाही. त्यांनीही ते पुष्कळ हालअपेष्टांतून मिळविले आहे. पण कातकरी, कोलाम, माडिया गोंड या तीन जमाती सरकारने स्वतःच अतिमागास म्हणून निराळ्या काढल्या, आणि पैशाच्या योजनेत त्यांनाही तीच खिडकी, तोच अर्ज व तीच मुदत ठेविली. २०११ च्या खानेसुमारीत या राज्यात साक्षरता शंभरास ८२ होती. आदिवासींत ती ६६ च्या आत होती, आणि आदिवासी बायांत ५७. या ५७ त कातकरणी किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. सरासरीच्या पदराखाली पुष्कळ काही झाकले जाते.

वरच्या शिक्षणाकडे पाहा. मॅट्रिकनंतरची सरकारी शिष्यवृत्ती अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९४४ साली सुरू झाली, तिच्यात आदिवासी १९४८-४९ साली आले. केंद्र सरकारने आदिवासी मुलांना मॅट्रिकपूर्वीची, तीही नववी-दहावीपुरती, शिष्यवृत्ती दिली ती २०१२ साली. मधली चौसष्ट वर्षे गेली. महाराष्ट्र सरकारने २०१० च्या सुमारास पहिलीपासूनच्या आदिवासी मुलांसाठी सुवर्णमहोत्सवी शिष्यवृत्ती काढली, तिचा दर पहिली ते चौथीस वर्षाचे १००० रुपये, दहावीपर्यंत वाढत जाऊन २०००. आणि २०१६-१७ साली वसतिगृहात जागा न मिळालेल्या कॉलेजच्या आदिवासी विद्यार्थ्यास रोख रक्कम देण्याची स्वयम् योजना निघाली, तीत मुंबई-पुण्यात राहणाऱ्यास वर्षाला ६०,००० रुपये ठरले. शहरात खोली व जेवण यांस काय पडते हे आम्ही जाणतो. ती रक्कम जास्त आहे असे म्हणणाराशी आमचा झगडा आहे. वरच्याचे कापून खालच्यास द्या, असा सल्ला देणारा मनुष्य बहुधा दोघांनाही काही मिळू नये या मताचा असतो. परंतु जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटरसाहेबांच्या आयोगापुढे जे गाऱ्हाणे मांडले ते येथे आठवल्यावाचून राहत नाही. रयतेच्या करातून पैसा जमतो, तो वरच्या विद्येवर खर्च होतो आणि खेड्यातली पहिली शाळा तशीच पडते, असे त्यांचे म्हणणे होते. आणि खालच्या वर्गांस विद्येची गोडी लागावी म्हणून त्यांच्या मुलांस शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत, असेही त्यांनी त्याच निवेदनात सुचविले होते. वर चढलेल्यांची जात आता निराळी आहे. पायऱ्यांची बांधणी तीच आहे.

रोख पैसे देऊन गरिबांची मुले शाळेत आणण्याच्या गोष्टी निघाल्या की शहाणी मंडळी मेक्सिको देशाचे नाव घेतात, म्हणून त्या देशाचेही थोडे सांगतो. तेथे १९९७ साली प्रोग्रेसा नावाची योजना निघाली. मूल शाळेत शंभरातले पंचाऐंशी दिवस गेले तर दर दोन महिन्यांनी रक्कम थेट आईच्या हाती द्यावयाची. वरच्या वर्गांत मुलींची गळती जास्त, म्हणून तेथे मुलीची रक्कम मुलापेक्षा अधिक ठेवावयाची. योजना खरोखर चालते की नाही हे पाहण्यासाठी ५०६ गावे निवडून त्यांतल्या १८६ गावांस काही काळ थांबविले व दोहोंची तुलना केली. वरच्या वर्गांत जाणाऱ्या मुलींची संख्या वाढलेली दिसली. आपल्याकडे तीस वर्षे एक रुपया वाटला, तो पोचला की नाही हे पाहण्यासाठी अशी पद्धतशीर तुलना कोणी मांडून पाहिली आहे काय? असो. परंतु त्या योजनेतही एक फट होती. ज्या खेड्याच्या जवळपास शाळा वा दवाखाना नाही, ते खेडे आरंभी योजनेत घेतलेच नाही. कारण शाळाच नाही तर हजेरीची अट पाळावयाची कशी? असली खेडी कोणाची असत? डोंगरात दूर फेकल्या गेलेल्या मूळच्या रहिवाशांचीच पुष्कळ. आणि चियापास प्रांतात १९९४ साली ज्यांनी बंड केले त्या झापातिस्ता आदिवासींनी तर सरकारचा पैसाच नाकारला. आम्हांस जमीन व आमचा स्वतःचा कारभार पाहिजे, तुमची खिरापत नको, असा त्यांचा बाणा. त्या योजनेचे नाव २००२ व २०१४ साली बदलले, आणि २०१९ त ती गुंडाळून दुसरी शिष्यवृत्ती आणली गेली.

रोख नको म्हणणारे आपल्याकडेही निघाले, पण वेगळ्या कारणाने. २०१८ साली आदिवासी वसतिगृहांतील जेवणघरे बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या खात्यात घालण्याचा हुकूम निघाला. त्या जुलैत पुण्याहून विद्यार्थी पायी नाशिकच्या वाटेस लागले. त्यांचे म्हणणे साधे होते. आम्हांस ताटात जेवण द्या. पैसा वेळेवर येत नाही, आणि आला तर घरी बाप आजारी असतो. गरीब पोराच्या खात्यातला पैसा हा एकट्या पोराचा कधी नसतो, हे ज्याने गरिबी पाहिली आहे त्याला शिकवावे लागत नाही.

गैरहजर मुले मोजण्याचाही एकदा प्रयत्न झाला. ४ जुलै २०१५ रोजी सगळ्या राज्यात एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांची मोजणी झाली. मोजलेल्या मुलाच्या बोटास शाई लाविली. दिवस कोणता निवडला पाहा. जुलैत पाऊस असतो, भट्ट्या बंद असतात, ऊसतोड बंद असते, भट्टीची पोरे आपल्या वाडीत असतात आणि त्यांची नावे शाळेच्या पटावर असतात. जानेवारीत त्याच पटावरच्या त्याच नावाचे पोर शंभर कोस दूर विटा उलथीत असते.

मुलाची किंमत सरकार ठरवीत नाही त्या ठिकाणी बाजार ठरवितो. २०२२ च्या सप्टेंबरात नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले थोड्या पैशांच्या व एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढरे राखावयास नेली जात होती, हे एका दहा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूने उघडकीस आले. ती मुले नेणारे कोणी परके नव्हते, आपल्यासारखेच हातावर पोट असलेले लोक होते. येथे आम्हांस आमच्या वाचकांशीच दोन कडू शब्द बोलावयाचे आहेत. ज्या भट्ट्यांविषयी वर लिहिले त्या भटाच्या नाहीत, शेठजीच्याही सर्वच नाहीत. पुष्कळ भट्ट्या आमच्या कुंभार बंधूंच्या, आमच्या मराठा-कुणबी-आगरी शेतकऱ्यांच्या शेतावरच्या आहेत. मुकादम तर बहुधा आपल्यातलाच असतो. आपल्या पोरास शिष्यवृत्ती मिळत नाही म्हणून तहसीलदाराच्या दारात बसणारा मनुष्य आपल्याच भट्टीवरच्या पोराने विटा उलथू नयेत असे म्हणताना आम्ही फारसा ऐकलेला नाही. भाव कमी, कोळसा महाग, गिऱ्हाईक उधारीचे, हे सर्व आम्हांस ठाऊक आहे. पण ते पोर तेथे आहे हे तुम्हांस माहीत असते, आणि शाळेस माहीत नसते.

सरकारने काय करावे हे सांगण्यास मोठी अक्कल लागत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने अतिमागास जमातींसाठी जी जनमन मोहीम काढली तीत आधार व जमातीचे दाखले वस्तीवर नेऊन देण्याचे शिबिरांचे काम ठेविले आहे. म्हणजे अंमलदार वाडीवर जाऊ शकतो, त्याचे पाय दुखत नाहीत, हे ठरले. मग हेच काम मोहिमेपुरते न ठेवता दर वर्षी शाळा उघडताना, पाऊस असता, माणसे घरी असता का होऊ नये? आजाचा कागद मागण्याऐवजी वाडीच्या पंचांची, शाळेच्या मास्तराची व शेजाऱ्याची साक्ष का पुरू नये? भट्टीवर गेलेल्या मुलासाठी शिक्षण हमी कार्ड म्हणून एक कागद शिक्षणखात्याने काढलेला आहे. ते कार्ड दाखविले की भट्टीजवळच्या शाळेने मुलास वर्गात बसवावयाचे. ते बसवितात तेथे त्या शाळेची हजेरी मूळच्या शाळेच्या हजेरीत मिळवावी, म्हणजे शंभर दिवसांचे १६५ होतील. घरी आजीपाशी राहणाऱ्या पोरांसाठी ऊसतोड्यांच्या गावी हंगामी वसतिगृहे चालविली जातात. तशी भट्टीवर जाणाऱ्या वाड्यांतही चालवावीत. आणि भत्त्याची रक्कम वर्षाच्या शेवटी एकदम न देता महिन्याच्या महिन्यास आईच्या हाती, गावातल्या टपालवाल्यामार्फत पोचवावी. तो रुपयाचा दर किती वाढवावा हे ज्याने त्याने आपल्या तालुक्याच्या एका दिवसाच्या मजुरीशी ताडून पाहावे.

दिवाळी झाली की टेम्पो वाड्यांवर येऊ लागतात. ज्या गावात भट्टी लागते तेथील शाळा-समितीने पहिल्या आठवड्यातच भट्टीवर जाऊन सहा ते चौदा वर्षांच्या पोरांची नावे, मूळ गाव व इयत्ता लिहून घ्यावी, आणि ती यादी मास्तराच्या व गटशिक्षणाधिकाऱ्याच्या हाती द्यावी. भट्टीमालक वाचकाने ती यादी स्वतःच करून दिली तर फारच बरे. कार्ड असलेले पोर किती, बिनकार्डाचे किती, हे निरनिराळे लिहावे. पोचपावती घ्यावी.